स्थितिकरण : महाविद्यालयीन तरुणांचे मन आणि त्याला सावरणारी माणसे

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत तासगाव येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेचे सुवर्णमहोत्सवी वर्ष म्हटले की मंदिराचा जीर्णोद्धार, विधानपूजा, आरोग्य शिबिर, गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार हे कार्यक्रम ओघाने येतात आणि ते यावेत हे उचितच आहे. परंतु सत्कार होतो तो गुणवंतांचा. ज्याचे गुण यंदा घसरले, जो त्या दिवशी गावात असूनही सभागृहाकडे फिरकला नाही, त्याची विचारपूस समारंभाच्या धावपळीत राहून जाते. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय तो विद्यार्थी आहे; आणि त्याहीपेक्षा, त्याच्या आसपास दिवसभर वावरणारी, त्याला सावरू शकणारी माणसे हा आहे.

प्रथम थोडी आकडेवारी पाहणे क्रमप्राप्त आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १,७०,९२४ व्यक्तींनी आपले जीवन संपविले. त्यांपैकी १३,०४४ विद्यार्थी होते. राज्यवार यादीत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता. बंगळूरच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. त्या १२ राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. तथापि तिचे निष्कर्ष येथेही विचारात घेण्याजोगे आहेत. प्रौढांपैकी १०.६ टक्के व्यक्तींना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता आणि आजाराच्या प्रकारानुसार सत्तर ते ब्याण्णव टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचलेले नव्हते. याचा सरळ अर्थ असा की दहा-अकरा माणसांच्या एखाद्या मोठ्या कुटुंबात एक जण आजारी असण्याचा संभव आहे, आणि तो बहुधा कोणाकडेही गेलेला नाही.

हे आकडे तासगावच्या मातीत आणून पाहिले म्हणजे त्यांना चेहरा येतो. हा तालुका द्राक्षांचा. तास-ए-गणेश ही द्राक्षाची जात याच तालुक्यातील बोरगावची. येथील बेदाण्याचे सौदे दूरदूरच्या व्यापाऱ्यांना खेचून आणतात. द्राक्षबागेचे एक वेळापत्रक असते आणि विद्यापीठाचेही एक असते. दुर्दैवाने दोन्ही एकाच वेळी निकराला येतात. ऑक्टोबरमध्ये फळछाटणी उरकते, बाग फुलोऱ्यात येऊ लागते, नेमका अवकाळी पाऊस होतो, आणि त्याच सुमारास पहिल्या सत्राची परीक्षा असते. फेब्रुवारी ते एप्रिल हा बेदाणा शेडवरच्या धांदलीचा काळ; मार्च-एप्रिल हाच दुसऱ्या सत्राचाही काळ. सावळज, मणेराजुरी, येळावी, चिंचणी या गावांतून एस.टी.ने महाविद्यालयात येणारा मुलगा सकाळी तासाला बसलेला असतो आणि त्याचे अर्धे मन डाऊनी पडलेल्या बागेत, सोसायटीच्या हप्त्यात आणि वडिलांच्या न बोलण्यात अडकलेले असते. वडील बोलत नाहीत, म्हणून तोही बोलत नाही. घरातील कर्ता पुरुष आपली काळजी बोलून दाखवीत नाही हा या भागातील जुना शिष्टाचार आहे, आणि मुले तो फार लवकर शिकतात.

मुलींची गोष्ट आणखी वेगळी. तिला शिकू दिले आहे, हेच पुष्कळ आहे असे वारंवार ऐकवले जाते. एखादा विषय राहिला की शिक्षण थांबवून स्थळे पाहण्याची भाषा सुरू होते. त्यामुळे अभ्यासात मागे पडल्याचे दुःख तिला सांगताही येत नाही. सांगितले तर शिक्षणच संपायचे. ज्या मुली पुणे, सांगली, कोल्हापूर येथे वसतिगृहात राहतात, त्यांच्या घरी जाणाऱ्या प्रत्येक फोनमध्ये ‘सगळे ठीक आहे’ हे वाक्य असते. ते वाक्य खरे आहे की नाही हे फोनवर कळत नाही. ते शेजारच्या खोलीतील मैत्रिणीला कळते, आणि मेसमध्ये वाढणाऱ्या मावशींना कळते.

या विषयाचा खरा गाभा या मावशींच्याच ठिकाणी आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा विचार निघाला की ‘समुपदेशक नेमावा’ एवढ्यावर चर्चा थांबते. समुपदेशक हवाच, त्याविषयी दुमत नाही. परंतु मनाने खचलेला विद्यार्थी आपण होऊन ‘समुपदेशन कक्ष’ अशी पाटी लावलेल्या दारात जात नाही. त्या दारात कोणी पाहिले तर गावभर होईल अशी त्याला भीती असते, आणि तालुक्याच्या ठिकाणी ती भीती निराधार नसते. मग त्याचे बिनसले आहे हे सर्वांत आधी कोणाच्या लक्षात येते? वसतिगृहाच्या रेक्टरच्या, रात्री दिवा किती वाजेपर्यंत जळतो हे पाहणाऱ्या रखवालदाराच्या, तीन आठवडे पुस्तक न बदलणाऱ्या मुलाचे कार्ड ज्याच्या हाती आहे त्या ग्रंथालय परिचराच्या, शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला आला आणि अर्धा भरून तसाच टाकून गेला, हे पाहणाऱ्या कार्यालयातील लिपिकाच्या. या माणसांचा मानसशास्त्राशी संबंध नाही. त्यांच्या नेमणूकपत्रात ‘विद्यार्थ्यांकडे लक्ष ठेवणे’ याचा अर्थ शिस्त असा आहे. तरीही विद्यार्थी आणि समुपदेशक यांच्यामधला पूल बांधायचा असेल तर तो यांच्याच हातांनी बांधला जाणार आहे.

जैन वसतिगृहात तर ही गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. भूक मंदावणे हे उदासीनतेचे एक ठळक लक्षण. इतरत्र एखादा मुलगा चार दिवस जेवला नाही तर कोणीतरी विचारते. जैन वसतिगृहात मात्र न जेवण्याला प्रतिष्ठा आहे. पर्युषणात, चातुर्मासात, अष्टमी-चतुर्दशीला उपवास करणाऱ्याचे कौतुक होते, आणि झालेही पाहिजे. ते तप आहे. परंतु ज्या मुलाची अन्नावरची वासनाच उडाली आहे, तो ‘आज उपवास आहे’ असे सांगून निभावून नेऊ शकतो, आणि त्याला कोणी हटकत नाही. तिथी नसताना उपवास, पारण्याच्या दिवशीही ताट तसेच परत, बोलणे कमी, आंघोळ-कपड्यांकडे दुर्लक्ष, असे एकत्र दिसू लागले की तपाची गोष्ट संपून आजाराची सुरू होते. हा फरक ओळखणारी व्यक्ती मेसमध्ये वाढणारीच असते, कारण खरा उपवास करणारा कोण हे तिला वर्षानुवर्षे ठाऊक असते.

याच ठिकाणी एका गैरसमजाचाही उल्लेख करणे आवश्यक आहे. सल्लेखनेचा आधार घेऊन कोणी निराशेच्या भरात जीवन संपविण्याला धर्माची छाया देऊ पाहील, तर ते शास्त्राला मान्य नाही. सल्लेखना ही आयुष्याच्या अंती, गुरूंच्या अनुज्ञेने, संघाच्या समक्ष आणि रागद्वेष शमलेल्या अवस्थेत घेतली जाते. चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांची कुंथलगिरी येथील १९५५ मधील सल्लेखना सर्व समाजाने पाहिली. एकांतात, कोणालाही न सांगता, असह्य दुःखाने घेतलेला निर्णय आणि ती यांच्यात काहीही साम्य नाही. याहून अधिक विस्तार येथे नको.

आता शास्त्रात या विषयाला आधार काय, हा प्रश्न श्रावकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. आधार दूर शोधावा लागत नाही. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात सम्यग्दर्शनाची आठ अंगे सांगितली आहेत. त्यांपैकी निर्विचिकित्सा, उपगूहन, स्थितिकरण आणि वात्सल्य ही चार अंगे आधुनिक समुपदेशनाच्या पाठ्यपुस्तकात नावे बदलून सहज समाविष्ट करता येतील. स्थितिकरण म्हणजे मार्गावरून ढळणाऱ्याला पुन्हा स्थिर करणे. त्याचे उदाहरण म्हणून वारिषेणाची कथा सांगितली जाते. श्रेणिक राजाचा हा पुत्र मुनी झाला. त्याच्याबरोबर त्याचा मित्र पुष्पडाल यानेही दीक्षा घेतली. पण पुष्पडालाचे मन घरी सोडून आलेल्या पत्नीकडे सारखे ओढ घेत राहिले. वारिषेणाने ते ओळखले. त्याने संघात त्याचे वाभाडे काढले नाहीत, त्याला हाकलूनही दिले नाही. तो स्वतः त्याला बरोबर घेऊन राजवाड्यात गेला, आपले सोडलेले सारे वैभव त्याच्या पुढे उभे केले आणि निवड त्याच्यावर सोपवली. कथेचा शेवट पुष्पडालाच्या स्थिर होण्यात होतो. कथा सांगताना भर शेवटावर दिला जातो, परंतु वारिषेणाची पद्धत अधिक विचार करण्याजोगी आहे. आधी लक्ष दिले, मग बरोबर चालला, उपदेश जवळजवळ केलाच नाही.

उपगूहनाचा विचार अधिक नाजूक आहे. दुसऱ्याचे वैगुण्य झाकणे, ते चव्हाट्यावर न आणणे, हा त्याचा अर्थ. समुपदेशकाच्या व्यवसायात यालाच गोपनीयता म्हणतात. विद्यार्थ्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट प्राचार्यांच्या टेबलावर जाता कामा नये, हजेरीपत्रकात तिची खूण राहता कामा नये, आणि पुढे सोयरिकीच्या वेळी कोणी ‘तो मुलगा समुपदेशनाला जात होता’ असे सांगू शकेल अशी वही कोठेही असता कामा नये. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला गोपनीयतेचा अधिकार दिला आहे. मात्र उपगूहनाचा एक विपर्यासही समाजात दिसतो. व्यक्तीला जपण्यासाठी झाकणे निराळे आणि संस्थेची अथवा घराण्याची अब्रू जपण्यासाठी झाकणे निराळे. वसतिगृहात एखादी दुर्घटना होता होता टळली की ‘बाहेर बोलू नका’ एवढाच हुकूम सुटतो. त्या मुलाला डॉक्टरकडे नेणेही लांबते, कारण नेले तर कळेल. असे झाकणे उपगूहनात बसत नाही. जिवाला धोका दिसत असेल तेव्हा गोपनीयतेची मर्यादा संपते, आणि ज्यांना कळवणे अवश्य आहे त्यांना, म्हणजे समुपदेशक, डॉक्टर आणि घरचे जवळचे माणूस यांना, त्याच दिवशी कळवावे लागते. अकरावी-बारावीचे विद्यार्थी बहुधा अठरा वर्षांच्या आतील असतात; त्यांच्या उपचाराच्या बाबतीत पालकांना विश्वासात घ्यावेच लागते. हे विद्यार्थ्याला पहिल्याच भेटीत सांगून ठेवावे, म्हणजे पुढे विश्वासघात झाल्याची भावना होत नाही.

धर्माच्या परिभाषेचा गैरवापरही टाळला पाहिजे. ‘हे आर्तध्यान आहे, सोडून दे’, ‘पूर्वकर्माचा उदय आहे, समभावाने सोस’ असे वडीलधारी मंडळी सद्हेतूनेच सांगतात. परंतु जो मुलगा सहा आठवडे झोपलेला नाही, त्याला या वाक्यातून एवढेच ऐकू येते की आपला आजार हाही आपलाच दोष आहे. ताप आलेल्याला कोणी कर्मोदयाचे कारण सांगून औषधावाचून ठेवत नाही. चार दानांत औषधदान आहे आणि अभयदानही आहे. मनाच्या आजारात दोन्ही एकाच वेळी द्यावी लागतात. स्वाध्याय, सामायिक, ध्यान यांनी मनाला बळ मिळते हे खरे; पण ती उपचाराच्या जोडीला असावीत, उपचाराच्या जागी नसावीत.

दक्षिण महाराष्ट्रातील जैन समाजाला विद्यार्थ्यांच्या निवासाची परंपरा नवी नाही. १८९९ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण भारत जैन सभेच्या प्रेरणेने कोल्हापूर, सांगली आदी ठिकाणी बोर्डिंगे उभी राहिली आणि खेड्यापाड्यांतील शेतकऱ्यांची मुले त्यांतून शिकली. कुंभोज येथे १८८७ मध्ये जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्येच राहत होते. अस्पृश्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला गेल्यावर स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यांना त्या बोर्डिंगमधून बाहेर पडावे लागले. पुढे त्यांना राजर्षी शाहू महाराजांचा आश्रय लाभला, हे सर्वश्रुत आहे. त्या घटनेचा निवाडा करण्याचे येथे प्रयोजन नाही. परंतु वसतिगृहातून काढलेला मुलगा कोठे जातो, हा प्रश्न प्रत्येक काळातील रेक्टरने स्वतःला विचारावा असा आहे. प्रत्येकाला शाहू महाराज भेटत नाहीत. नियम मोडणारा, उशिरा येणारा, भांडणारा, खोली बंद करून बसणारा मुलगा पुष्कळदा आतून पोखरलेला असतो. त्याला नोटीस देण्यापूर्वी त्याच्याशी एकदा बोलणे झाले होते काय, हे तपासण्याची रीत संस्थेत असावी.

याच कर्मवीरांनी १९१९ मध्ये कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी बोर्डिंग चालवायला घेतले. १९२७ मध्ये महात्मा गांधी तेथे येऊन गेले. या बोर्डिंगचा इतिहास सांगताना भाऊरावांचे नाव पुढे येते आणि ते योग्यच आहे. पण मुलांच्या जेवणाखाण्याची आणि दुखण्याखुपण्याची चिंता वाहणाऱ्या लक्ष्मीबाई होत्या. सोवळ्याओवळ्याच्या कडक संस्कारांत वाढलेली ही जैन घरातील स्त्री सर्व जातींच्या मुलांची आई झाली. धान्य संपले तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रही ठेवले नाही. १९३० मध्ये त्या गेल्या. समुपदेशक हा शब्द त्या काळी मराठीत कोणी या अर्थाने वापरतही नव्हते. घर सोडून आलेल्या, रात्री आईच्या आठवणीने व्याकूळ होणाऱ्या मुलाच्या मनाची देखभाल त्या बोर्डिंगमध्ये कोणत्या विभागाकडे होती, असे विचारले तर उत्तर लक्ष्मीबाई हेच द्यावे लागेल. संस्थांच्या इतिहासांत मात्र अशा माणसांना एखादा परिच्छेद मिळतो.

साध्या माणसांना शिकवून तयार केले तर ती खरोखर किती उपयोगी पडतात, याचे शास्त्रशुद्ध उत्तर शेजारच्या गोव्यात मिळाले आहे. तेथील ‘संगत’ या संस्थेने डॉ. विक्रम पटेल यांच्या मार्गदर्शनाखाली मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक व्यक्तींना प्रशिक्षण दिले आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी त्यांची सहा ते आठ संभाषणे घडवून आणली. रुग्णाने दिवसाचा क्रम पुन्हा कसा लावावा, टाळलेली कामे थोडी थोडी कशी सुरू करावीत, एवढ्यावरच मुख्य भर होता. तीन महिन्यांनी पाहिले तेव्हा अशी मदत मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. ज्यांना केवळ नेहमीची सेवा मिळाली त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ मध्ये हा अभ्यास छापून आला. तो प्रौढ रुग्णांचा होता, केवळ विद्यार्थ्यांचा नव्हता. आणि त्या कार्यकर्त्यांवर तज्ज्ञांची देखरेख होती, हेही विसरता येणार नाही. ज्यांना चित्रपटातून ही गोष्ट समजून घ्यावयाची असेल त्यांनी सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’ पाहावा. २०१६ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ त्याला मिळाले. त्यात खोल नैराश्यात बुडालेल्या तरुणाला आसरा देणारी माणसे तज्ज्ञ नाहीत. ती त्याला प्रश्न कमी विचारतात आणि वेळ पुष्कळ देतात.

मग समुपदेशकाचे काम काय उरते? ते तर वाढतेच. समुपदेशक हा मनोविकारतज्ज्ञ नव्हे. औषध लिहून देणे हे डॉक्टरांचे, म्हणजे मनोविकारतज्ज्ञांचे काम. समुपदेशक ऐकतो, विद्यार्थ्याला स्वतःची अडचण स्वतःच्या शब्दांत मांडू देतो, आणि औषधाची गरज आहे असे दिसताच योग्य ठिकाणी पाठवतो. तासगावच्या दृष्टीने ते ठिकाण फार दूर नाही. मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि सांगलीचे शासकीय रुग्णालय येथे जाऊन संध्याकाळपर्यंत परतता येते. पुष्कळ महाविद्यालयांत मात्र समुपदेशन कक्षाचा कार्यभार एखाद्या प्राध्यापकाकडे अतिरिक्त काम म्हणून दिलेला असतो. जो अंतर्गत गुण देतो, हजेरी धरतो, त्याच्याकडेच मन मोकळे करावे ही अपेक्षा विद्यार्थ्यावर अन्याय करणारी आहे, आणि त्या प्राध्यापकावरही. जेथे स्वतंत्र समुपदेशक आहे तेथे तो पुष्कळदा तासिका तत्त्वावर असतो, जूनमध्ये येतो आणि मार्चमध्ये जातो. विश्वास बसायला एक वर्ष लागते, तोवर माणूस बदललेला असतो. नेमणुकीतील ही कंजुषी दिसायला लहान आहे, पण सगळी योजना तिच्यामुळेच कोसळते.

कायद्याची बाजूही आता बदलली आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. जीव देण्याचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेऐवजी उपचार आणि आधार देण्याची जबाबदारी त्याने शासनावर टाकली. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत जुने ३०९ कलम राहिलेले नाही. त्यामुळे ‘पोलीस केस होईल’ या भीतीने मुलाला रुग्णालयात नेण्याचे टाळणाऱ्यांनी ती भीती मनातून काढून टाकावी. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा समाजकार्यकर्ता असावा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावे. अध्यापक व अध्यापकेतर सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून निदान दोनदा प्रशिक्षण द्यावे. गुणांवरून विद्यार्थ्यांच्या तुकड्या पाडू नयेत आणि त्यांचा चारचौघांत पाणउतारा करू नये. यांतील ‘अध्यापकेतर’ हा शब्द अधोरेखित करण्यासारखा आहे. जे अनुभवी रेक्टरना पूर्वीपासून ठाऊक होते, ते आता न्यायालयाच्या निर्देशात आले.

त्या प्रशिक्षणात शिकवावयाचे तरी काय? फार नाही. वागण्यातला बदल टिपणे. एकट्याला गाठून, घाई न करता, ‘हल्ली बरे दिसत नाहीस, काय झाले?’ असे विचारणे. उत्तर आले की मध्ये न बोलणे, स्वतःच्या तरुणपणीच्या हालअपेष्टा न ऐकवणे. जीव नकोसा झाला आहे असे वाटते का, हे गरज पडल्यास स्पष्ट शब्दांत विचारणे. असे विचारल्याने तो विचार मनात शिरतो ही समजूत चुकीची आहे, उलट विचारणारा भेटल्याने पुष्कळांना हायसे वाटते. उत्तर होकारार्थी आले तर त्याला एकटे न सोडणे आणि समुपदेशकाकडे अथवा डॉक्टरकडे आपण स्वतः बरोबर जाणे. केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू केलेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क आहे, दिवसरात्र चालतो आणि त्यावर मराठीत बोलता येते. दहावी-बारावीच्या परीक्षांच्या काळात राज्य मंडळही विभागवार समुपदेशकांचे क्रमांक जाहीर करते. सांगली जिल्हा कोल्हापूर विभागात येतो.

ज्यांच्याकडून ही अपेक्षा करावयाची त्यांची स्थितीही पाहिली पाहिजे. मेसच्या मावशी, रखवालदार, सफाई कामगार ही बहुधा कंत्राटी माणसे. त्यांचा पगार कधी कधी दोन-दोन महिने होत नाही. त्यांच्याही घरी बाग आहे, कर्ज आहे, बारावीला बसलेला मुलगा आहे. त्यांना प्रशिक्षणाला बोलवायचे तर त्या दिवसाची मजुरी कापू नये, चहा-जेवणासह द्यावी. आणि समुपदेशकाचे दार त्यांच्यासाठीही उघडे ठेवावे. दुसऱ्याचे दुःख ऐकून घरी गेलेल्या माणसाला रात्री झोप लागत नाही, हे रुग्णालयातील परिचारिका जाणतात. वसतिगृहातल्या मावशींनाही ते लागू आहे.

सुवर्णमहोत्सवी निधीचा विनियोग ठरवताना विश्वस्त मंडळाने या बाबी विचारात घ्याव्यात अशी विनंती आहे. गावातील दोन-तीन शिक्षणसंस्थांनी मिळून एक पूर्णवेळ समुपदेशक ठेवला आणि त्याच्या निदान तीन वर्षांच्या वेतनाची हमी ट्रस्टने घेतली, तर जून-मार्चचे चक्र मोडेल. सर्व जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांना ती सेवा मिळावी. कर्मवीरांच्या जिल्ह्यात याहून निराळे काही शोभणार नाही. दुसरी बाब ट्रस्टच्या आणि समाजातील इतर संस्थांच्या शिष्यवृत्तीच्या नियमांची. अनेक ठिकाणी ‘अनुत्तीर्ण झाल्यास शिष्यवृत्ती बंद’ अशी अट असते. ज्या वर्षी विद्यार्थी आधाराविना उभा राहू शकत नाही, त्याच वर्षी ही अट त्याचा आधार काढून घेते. नापास झालेल्या विद्यार्थ्याला एक वर्ष शिष्यवृत्ती चालू ठेवावी आणि त्या वर्षात समुपदेशकाने त्याची महिन्यातून एकदा भेट घ्यावी, अशी दुरुस्ती करण्यास फार खर्च येणार नाही. दात्यांना ती समजावून सांगणे थोडे जड जाईल. पण तासगावच्या दात्यांनी एका हंगामात बाग वाया गेली म्हणून ती उपटून टाकल्याचे ऐकिवात नाही.

राहिली जागेची आणि वेळेची गोष्ट. समुपदेशकाची खोली कार्यालयाला लागून नसावी. ग्रंथालयाच्या मागच्या अंगाला, जेथे कोणीही कोणत्याही कामासाठी जात असतो, अशा ठिकाणी असावी, आणि दारावर पाटी नसली तरी चालेल. वेळ कार्यालयीन नको. जैन वसतिगृहात सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपतात आणि त्यानंतर रात्रीपर्यंतचा लांब, मोकळा काळ खचलेल्या मुलाला सर्वांत कठीण जातो. समुपदेशकाने आठवड्यातून निदान तीन दिवस त्या वेळी वसतिगृहात असावे. ज्या दिवशी तो नसेल त्या दिवशी कोणाचे ताट परत गेले, याची खबर स्वयंपाकघर बंद करण्यापूर्वी मावशींनी रेक्टरना द्यावी, आणि रेक्टरनी त्या खोलीपर्यंत स्वतः चालत जावे.